पेन उत्तम, हात वाईट

माझ्या मावशीची कोणी स्तुती केली की ती उठून उभी राहते. फोनवर केली तरी. पलीकडच्याला काही दिसत नसतं, पण ही आपली वर्गात नाव पुकारल्यासारखी ताठ उभी. मग चालायला लागते. लेथपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत. आई म्हणते, "हिला शिव्या द्या, गुपचूप बसून काम करेल. कौतुक केलंत की हिच्या पायाला चाकं फुटतात."

मावशी पेनं बनवते. शाईची, एकेक, हाताने. आमच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान आणि हाच कारखाना. दांडे कातायचा लेथ चालू असला की लाकडाचा आणि रोगणाचा वास थेट आमच्या ताटापर्यंत येतो. तिच्या एका पेनासारखं दुसरं पेन नसतं. कोणाच्या दांड्यावर रोगणाच्या थरांखाली इवलासा पाण्यातला मासा, कोणाच्या टोपणावर बंद छत्री. पण दांडा काय, टोपण काय, हे सगळं मागाहून. पेन घ्यायला आलेल्या माणसाला ती आधी लिहायला बसवते.

"काय लिहू?" तो विचारतो.

"काहीही. सकाळी काय खाल्लंत ते लिहा."

माणूस लिहीत असतो आणि मावशी कागदाकडे बघतच नाही, हाताकडे बघते. बोटं कुठे धरली, मनगट कसं वाकलं, दाब किती. मग एक निब घेते आणि पिठासारख्या मऊ घासकागदावर तिचं टोक त्या एका हातासाठी घासते. घासते, लिहून बघायला देते, परत घासते. चष्म्यासारखं असतं ते. एकाचं दुसऱ्याला लावलं तर दिसेल काहीतरी, पण डोकं दुखेल. आणि पेन गेल्यावर काही दिवसांनी ती स्वतः फोन करते. "पेन कसं आहे" असं विचारत नाही. विचारते, "हात कसा आहे?"

एवढी विचारपूस सख्खी माणसंही करत नाहीत. म्हणून मग लोक उलट फोन करकरून कौतुक करतात, आणि मावशी घरभर चालत राहते. दातांचे डॉक्टर तर सगळ्यांत भारी. त्यांच्या दवाखान्यात तोंड उघडं ठेवून पडलेली माणसं काही बोलू शकत नाहीत, त्यामुळे अख्खं संभाषण एकट्याने करायची त्यांना सवयच आहे. "ताई, काय सांगू! औषध लिहून दिलं, तर केमिस्टचा फोन. म्हणे, डॉक्टर बदलले का हो? अक्षर वाचता येतंय! हॅहॅहॅ! नाही नाही, तुम्ही बोलू नका, मी बोलतो."

त्या दिवशी घोळ झाला तो या डॉक्टरांच्या फोनमुळे. म्हणजे फोनचा दोष नाही, असं मावशीच म्हणते. दोष तिचा. पण फोन आला नसता तर ती बसून राहिली असती, एवढं मी म्हणेन.

टेबलावर दोन पेनं शेवटच्या टप्प्यात होती. एक मुख्याध्यापिका बाईंचं. निळा दांडा, त्यावर वहीसारख्या बारीक रेघा आणि एक तांबडा समास. बाईंनी सांगितलं होतं, "पेनाला शिस्त दिसली पाहिजे." दुसरं पेंटरकाकांचं.

पेंटरकाका म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. आमच्या बाजारातली निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. केशकर्तनालयाचा 'श' बघाल तर तोच भांग पाडून उभा आहे असं वाटतं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. त्यांच्या मुलीने हट्टाने त्यांना डाव्या हाताने लिहायला लावलं. आधी बोटं उघडमीट, मग पेन्सिल. आणि मग ती त्यांना घेऊन मावशीकडे आली. येताना ते रंग कालवायचे ती जुनी फळीही आणली. वर्षानुवर्षं रंगावर रंग वाळून त्या फळीवर बोटभर जाड थर चढला होता. मावशीने तो थर तासून काढला, घट्ट केला, लेथवर धरला, आणि आतून पट्ट्या निघाल्या. पिवळी, लाल, काळी, परत पिवळी. सगळ्या पाट्या एकमेकींवर झोपल्यासारख्या. ते पेन बघून आई, जी मावशीच्या कामाला "हं, बरंय" याच्यापुढे काही म्हणत नाही, ती म्हणाली, "अगं बाई."

निबेचं काम कठीण होतं. उजव्या हाताने आपण पेन ओढत नेतो, डाव्या हाताने ते ढकलावं लागतं, आणि ढकललेली निब कागदात रुतते. शिवाय काकांचं मनगट आत वळलेलं. मावशीने टोक उलट्या अंगाने तिरकं घासलं. काका बसले होते, कपाळावर घाम. कागदावर कुर्र, कुर्र. परत घासलं. असं किती वेळा. शेवटी एक ओळ अशी आली की निब कुठेच अडली नाही. अक्षरं वाकडीतिकडी, पण सलग. काकांनी मान हलवली. मुलगी बाहेर जाऊन चप्पल घालायचं निमित्त करून रडून आली.

दोन्ही निबा घासून, धुऊन टेबलावर ठेवल्या होत्या, ज्याची त्याच्या दांड्यापाशी. मावशीचा नियम असा की निब बसवायची ती बसूनच. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "ताई, ऐका तर खरं!" मावशी उभी. मावशी खिडकीपाशी. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये, गाल लाल, "अहो काहीतरीच काय," करत ती टेबलाशी परत आली आणि उभ्याउभ्याच निबा स्क्रूसारख्या फिरवून बसवून टाकल्या. तेवढ्यात शाळेचा शिपाई दारात. "बाईंचं पेन झालं का? मला घंटा द्यायचीय." ते पेन तसंच त्याच्या हाती गेलं. काकांचं पेन मात्र तिने कागदावर चालवून बघितलं. लोण्यासारखं चाललं. मावशी खूश झाली.

तिथेच तिने दचकायला हवं होतं. तिच्या उजव्या हातात लोण्यासारखं चाललेलं पेन काकांचं असूच शकत नव्हतं. पण कानात डॉक्टर होते.

नंतर काही दिवसांनी तिने काकांच्या मुलीला फोन लावला.

"हात कसा आहे बाबांचा?"

"मावशी, पेन इतकं सुंदर झालंय! येईल त्याला दाखवतात. काचेच्या कपाटात ठेवलंय, समोर बसून नुसते बघत असतात."

"बघतात होय," मावशी म्हणाली. या वेळी ती उभी राहिली नाही. "आणि लिहितात कधी?"

"लिहितील हो. सध्या जरा… म्हणतात, पेन उत्तम आहे, हातच वाईट आहे. बोटांचा व्यायामही बंद केलाय. पण पेनाचं कौतुक मात्र खूप."

फोन ठेवला आणि मावशीची जी काही अवस्था झाली! जेवताना घास हातात धरून बसली. आई म्हणाली, "गिऱ्हाईक खूश आहे ना? मग तू का सुतकी चेहरा करून बसलीयस?"

"लिहीत नाहीत ते."

"अगं, आजारी माणूस आहे. आज नाही, उद्या लिहील."

"माझ्यासमोर लिहिलं होतं त्यांनी. पूर्ण ओळ. अडले नाहीत कुठे."

"मग एखाद दिवस लागला असेल हात. नेहमी थोडाच लागतो?"

"तेच!" मावशीने घास ताटात ठेवला. "तेच त्यांनाही वाटत असणार. की त्या दिवशीचं खोटं होतं."

मग तिने लेथवर काम काढलं आणि एक चांगला दांडा चिरून ठेवला. खिडकीशी गेली, परत आली. कोणी कौतुक केलेलं नसताना चालत होती. आईने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

आणि मग मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. बाई फोनवरही प्रार्थनेनंतरच्या सूचना दिल्यासारख्या बोलतात. "नमस्कार. आपलं पेन मिळालं. रंग उत्तम. रेघा सरळ. सर्व शिक्षकांना मी ते दाखवलं आणि सांगितलं, काम असं असावं. जरासं कुरकुरतं, परंतु कुरकुर करणाऱ्यांची मला सवय आहे. धन्यवाद."

मावशी फोन कानाला तसाच धरून उभी. पलीकडून बाई कधीच्या गेल्या होत्या.

"कुरकुरतं," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळली आणि तिचा चेहरा पांढराफटक. "बाईंचं कुरकुरतंय. आणि काकांचं माझ्या हातात लोण्यासारखं चाललं. मी अदलाबदल केली. त्यांची निब बाईंच्या पेनात आहे."

आई म्हणाली, "अरे देवा. बरं, मग बदलून दे. त्यात काय एवढं?"

"अगं, बाई म्हणतील पेन कुरकुरतंय. काका तसं म्हणत नाहीयेत. ते म्हणतायत हात वाईट आहे. त्यांनी हात सोडून दिला तर? माझ्या चुकीपायी?"

तिने घासकागदाची डबी, भिंग आणि फडकं पिशवीत टाकलं. आईने मला तिच्यासोबत पिटाळलं. "रस्ता ओलांडताना ही विचार करते. धरून ने."

शाळेत बाईंच्या खोलीत मावशीने सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. पुसला. घातला.

"म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या पेनाची स्तुती करत होते."

"हो बाई. चूक माझी."

"स्टाफरूममध्ये. सर्वांसमोर."

"हो बाई."

"कलाशिक्षक म्हणाले होते, कुरकुरतंय. मी त्यांना म्हटलं, आपला कान तपासा."

दारातला शिपाई भिंतीकडे तोंड करून हलायला लागला. मावशीला हसू सुचत नव्हतं. तिने बाईंच्या पेनातून निब फिरवून काढली, भिंगाखाली धरली आणि डोळे मिटले. तिरकं टोक, उलट्या अंगाचं. काकांचीच. तिने आपल्या पिशवीतलं वापरायचं पेन बाईंच्या पुढे ठेवलं. "आज यावर काम चालवा. तुमची निब उद्या स्वतः आणून बसवते."

"ठीक आहे." बाई सही करता करता थांबल्या. "ते दुसरे गृहस्थ तक्रार करत नाहीत म्हणालात?"

"नाही ना."

"मग घाई करा. तक्रार न करणारं मूल मला जास्त काळजीत टाकतं."

हे ऐकून मावशीला धीर यावा की उलटं व्हावं, ते तुम्हीच ठरवा. रस्त्यात ती गाड्यांच्या मध्ये घुसायला लागली. मी दंड धरला तर म्हणाली, "फळी टाकून दिली असेल त्यांनी आता. ब्रशही कोणाला देऊन टाकले असतील." कोणी काही देऊन टाकल्याचं आम्ही ऐकलेलं नव्हतं. तिने मनातल्या मनात काकांचं अख्खं घर रिकामं करून टाकलं होतं.

घर भरलेलं होतं. मुलीने दार उघडलं. काका खुर्चीत, समोर काचेचं कपाट, त्यात मधोमध ते पेन, खाली मखमलीचा तुकडा. मावशीला बघून काका खुलले. बोलणं थोडं जड झालंय त्यांचं, पण थाट पाटीवरच्या अक्षरांसारखाच. "या, या! कलाकार आल्या! हे पेन नाही हो, दागिना आहे दागिना."

"दागिना काढून ठेवतात," मावशी म्हणाली. "पेन नाही काढून ठेवत. काका, माझ्या हातून चूक झालीय. यात तुमची निब नाहीच. दुसऱ्याची लागलीय. म्हणून चालत नाही ते."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू, समजुतीने हसले. आणि मला कळलं की झालं, संपलं.

"तुम्ही फार चांगल्या आहात," ते म्हणाले. "हिने फोन करून सांगितलं ना तुम्हाला? म्हातारा खचलाय म्हणून?"

"बाबा, मी काही…"

"अगं, असू दे. ताई एवढ्या लांब आल्या. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतायत. असं कोण करतं आजकाल?" त्यांनी डावा हात उचलून मावशीला नमस्कारासारखं केलं. "सेवा असावी तर अशी."

मावशीने कपाट उघडलं, पेन काढलं, निब बदलली. "लिहून बघा."

"नको."

"एकच रेघ."

"चारचौघांत नको, ताई. तुमच्याकडे एकदा जमलं, ते तेवढंच. मी पाट्या रंगवल्यात. हाताला येतं की नाही, ते मला कळतं. पेन उत्तम आहे. हात…"

"हात वाईट नाही!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की मुलीच्या हातातलं भांडं खाली पडलं. गिऱ्हाइकावर ओरडलेली मावशी मी आयुष्यात पाहिली नव्हती. "चूक माझी आहे! मी केलीय, उभ्याउभ्या केलीय, फोनवर स्तुती ऐकत केलीय! ती माझ्याकडून काढून घेऊन स्वतःच्या हाताच्या नावावर का टाकताय तुम्ही?"

भांडं जमिनीवर गोल फिरून थांबलं. मावशीलाच धाप लागली होती.

काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "रागावता पण येतं की तुम्हाला," ते म्हणाले. "बरं. चूक तुमची ना? मग लेखी द्या."

"देते!"

तिने समोरचा कागद ओढला, त्यांचंच पेन उचललं आणि लिहिलं, 'चूक माझी'. उजव्या हाताने, रागाने. निब कुर्र करून रुतली, शाईचा ठिपका उडाला, 'झ'चं पोट फाटलं.

काकांची मान वळली. "थांबा."

"काय?"

"परत लिहा."

तिने परत लिहिलं. कुर्र, कुर्र. काका खुर्चीत पुढे झुकले. आता ते कागदाकडे नाही, मावशीच्या हाताकडे बघत होते. धडधाकट, तरबेज, रोज लेथ चालवणारा हात. आणि पेन त्यातही अडत होतं.

"हाच आवाज," ते म्हणाले. "रोज हाच यायचा. मला वाटलं…"

त्यांनी डावा हात पुढे केला. मावशीने पेन दिलं आणि पटकन हात मागे घेतला, तापलेलं काही दिल्यासारखा. बोटांना पेन धरायला वेळ लागला. व्यायाम सोडल्याचे दिवस दिसत होते त्या बोटांत. एकदा पेन घसरलं. मुलगी पुढे झाली, तर काका गुरगुरले, "उभी राहा तिथेच." मग मनगट आत वळलं आणि निब कागदाला लागली.

रेघ गेली. आवाज आला नाही. दुसरी रेघ. तीही गेली. काकांनी मावशीच्या फाटलेल्या 'झ'खाली आपला 'झ' काढायला घेतला. "एवढ्या मोठ्या कलाकार," ते लिहिता लिहिता पुटपुटले, "आणि अक्षर म्हणजे कुत्र्याचं शेपूट. 'झ'ला कंबर असते. ही बघा." त्यांच्या 'झ'ची कंबर हलत होती, पण होती.

मग वर जाणारी रेघ आली, आणि पेन थबकलं. काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आता ते पेन खाली ठेवणार, माझी खात्रीच झाली.

त्यांनी पेन मावशीच्या नाकासमोर धरलं.

"ही वर जाताना अडते," ते म्हणाले. "हे काही बरोबर काम नाही तुमचं."

मावशी जमिनीवर फतकल मारून बसली, पिशवी उलटी केली, डबी शोधली. "कुठे अडते? नीट दाखवा. वर जाताना की वळताना?"

"वळून वर जाताना."

"किती?"

"पुष्कळ! पैसे घेता एवढे आणि…"

"बोला, बोला," मावशी म्हणाली आणि निब घासायला लागली.